सुहासिनीचा दोन देवळांतला संसार

सुहासिनी रेगे आणि तिचा नवरा वेगवेगळ्या घरांत राहू लागलेत, ही बातमी ब्रिस्टलच्या आमच्या मंडळात पहिल्यांदा कोणी पसरवली ते मला ठाऊक आहे. नाव सांगणार नाही. ती बाई अळूवड्या फार सुरेख करते आणि अजून मला घरी बोलावते. तिने गाडीतून पाहिलं ते एवढंच, की भर पावसात गिरीश रेगे छत्री घेऊन एका घरातून लगबगीने निघाला, मधला रस्ता ओलांडून समोरच्या घरात शिरला आणि आतून कडी लावली. जरा वेळाने तोच गिरीश अगदी निवांत चेहऱ्याने बाहेर आला. आता यावरून माणसाने काय समजायचं? आठवड्याभरात मंडळाने त्या समोरच्या 'ती'ला केसांचा रंग आणि घटस्फोटाचा इतिहाससुद्धा देऊन टाकला.

समोरच्या घरात संडास होता.

पण हे घर समजल्याशिवाय सुहासिनी समजायची नाही, म्हणून आधी घराचं सांगतो. ब्रिस्टलहून बाथकडे जाताना एक जुनी इस्टेट लागते. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी साखरेवर गबर झालेल्या कोणा साहेबाने तिथे मोठा वाडा बांधला. (ती साखर कोणत्या गुलामांच्या घामाची, ते इथे आता शाळेत शिकवतात.) वाड्याला फाटक हवं, फाटकाला राखणदार हवा, राखणदाराला घर हवं. पण फाटकाच्या एकाच बाजूला घर बांधलं तर एक मिशी कापल्यासारखं दिसणार! म्हणून साहेबाने राखणदाराच्या घराचे दोन तुकडे केले. एक फाटकाच्या डावीकडे, एक उजवीकडे, आणि मधून बग्गीचा रस्ता. डावीकडे चूल, उजवीकडे पलंग. राखणदाराने जेवायचं इकडे आणि आडवं व्हायचं तिकडे.

दिसायला दोन्ही तुकडे म्हणजे चिमुकली ग्रीक देवळं. पुढे दोन-दोन गोल गरगरीत खांब, वर त्रिकोणी कपाळ, सगळं त्या भागातल्या मधासारख्या पिवळ्या दगडाचं. मागे गेलात तर मात्र कोंबड्यांचं खुराडं बरं. सगळी ऐट बग्गीतून दिसेल तेवढ्या बाजूला. उजव्या देवळावरचं धुराडं आतून भरीव आहे, त्याखाली शेगडीच नाही. राखणदार थंडीने काकडला तरी चालेल, पण साहेबाच्या पाहुण्यांना जोडीने दोन धुराडी दिसली पाहिजेत. डाव्या देवळात जिथे कोठीची खोली आली तिथे खिडकी काढता येईना, तर त्यांनी दगडातच खिडकीचा कोनाडा कोरला आणि आत काळी काच आणि पांढरे गज रंगवले. मी स्वतः पहिल्या दिवशी त्या खिडकीवर टकटक केली होती. आतून कोणी उघडेना म्हणून रागावलोही.

असं घर सुहासिनीला का हवं होतं? भिंतींसाठी.

ही नागपूरची मुलगी. लग्न होऊन ब्रिस्टलला आली ती थेट बेडमिन्स्टरच्या चाळवजा रांगेतल्या घरात. भिंतीला भिंत लागलेली. डावीकडच्या म्हाताऱ्याचा खोकला आणि उजवीकडच्या बाईची मालिका, दोन्ही हिला तोंडपाठ. आणि हिचा आवाज म्हणाल, तर तीस वर्षं शाळेत डिनर लेडीचं, म्हणजे पोरांना दुपारचं जेवण वाढायचं, काम केलेला आवाज! दोनशे पोरांच्या गोंधळात 'गाजर संपव' म्हटलं की शेवटच्या टेबलावरचं पोर गाजर संपवायचं. हा आवाज घरी आला की कुजबुजीवर यायचा, कारण जरा हसली तरी शेजारीण भिंतीवर झाडूचा दांडा आपटायची. बिचारीने चाळीस वर्षं नवऱ्याशी भांडणंसुद्धा हळू आवाजात केली. "भाऊजी," ती मला म्हणायची, "एकदा तरी असं घर हवं, जिथे भिंतीपलीकडे कोणी नाही. मला मोठ्याने बोलायचंय हो."

गिरीश निवृत्त झाला. तो विमानांच्या कारखान्यात इंजिनियर होता, पंखांच्या विभागात, आणि हे तो कोणालाही पहिल्या पाच वाक्यांत सांगतो. बेडमिन्स्टरचं घर विकलं आणि ही देवळं घेतली. आठ भिंती, आणि एकीलाही शेजारी नाही! शिवाय स्वस्त पडली, कारण दुसरं कोणी घ्यायलाच तयार नव्हतं. संडास-बाथरूम पलंगाच्या देवळात, आणि वर इमारत लिस्टेड. लिस्टेड म्हणजे सरकारने 'हे जपा' म्हणून यादीत घातलेली. घर तुमचं, कर्ज तुमचं, गळती तुमची, पण भिंत पाडायची तर कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, विचारायचं.

गृहप्रवेशाला मी होतो. सुहासिनी नऊवारी नेसून स्वयंपाकाच्या देवळापुढे उभी, हातात नारळ. बेडमिन्स्टरची पायरी सिमेंटची होती, तिथे हिने दर दसऱ्याला नारळ फोडले. त्याच जोरात इथेही हाणला. पण हा पिवळा दगड दिसतो तसाच मऊ. नारळ टणक निघाला, पायरी निघाली नाही. खरवसाची वडी कापावी तसा पायरीचा कोपरा सुटून बाजूला पडला. नारळाला चीरसुद्धा नाही.

मी म्हणालो, "कोपरा प्रसाद म्हणून वाटायचा का?"

"गप रे!" गिरीश पांढराफटक. "लिस्टेड आहे ते! इथे हा गुन्हा धरतात, गुन्हा!"

"अहो, मी काय मुद्दाम फोडली?"

"कोर्टात सांग. नारळाचा नेम चुकला म्हणून."

दुसऱ्या दिवशी त्याने तो कोपरा परत चिकटवला. कशाने? विमानाच्या पंखांना लावतात तसल्या कसल्याशा जालीम डिंकाने. कोपरा पक्का बसला, पण सांध्यातून राखाडी रेघ अशी उमटली की दाढेत चांदी भरावी.

यानंतर सुरू झालं ते संडासाचं प्रकरण. दिवसभर बसणं-उठणं चुलीच्या देवळात, आणि गरज लागली की रस्त्यापलीकडे. मोठ्या वाड्याचे आता फ्लॅट झालेत, त्यांच्या गाड्या याच फाटकातून जातात. गिरीश छत्री घेऊन दारात दिसला की गाड्या आपोआप थांबायच्या. आत बसलेले लोक हात हलवून त्याला आधी जाऊ द्यायचे. सत्तरीच्या पुरुषाला दिवसातून किती फेऱ्या होतात, हे अख्ख्या वाड्याला कळलं. एक शेजारी तर काच खाली करून म्हणायचा, "ऑल राइट, गिरीश? आज लवकर?"

कोठीच्या खोलीत एक लहानसा संडास केला की प्रश्न मिटला. सुहासिनीचं म्हणणं तेवढंच होतं. पण इंजिनियरच्या जातीला लहानसं काही सुचत नाही. गिरीशने कौन्सिलकडे पहिला अर्ज केला तो दोन देवळांना जोडणाऱ्या काचेच्या पुलाचा. नकार इतक्या गोड शब्दांत आला की गिरीशला तो होकार वाटला आणि त्याने मला फोन करून पेढे आणायला सांगितलं. शेवटची ओळ सुहासिनीने वाचली तेव्हा पेढे माझ्या पदरात पडले. दुसरा अर्ज भुयाराचा. तोही गेला. तिसरा अर्ज कोठीतल्या संडासाचा, पण त्यातही रंगवलेली खिडकी फोडून खरी खिडकी, तिच्यात भलामोठा पंखा. आणि कारण काय लिहिलं? 'पत्नीचा गुडघा.'

सुहासिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं खरं, पण इतकं झकास झालं की नवरात्रात ती गरब्यात मला तीनदा मागे टाकून गेली.

इकडे मुलगा शार्दूल लंडनच्या एजवेअरहून फोन करायचा. "आई, इथे खालचा रूम रेडी आहे. टॉयलेट अटॅच्ड. तुम्ही हा घर विकून टाका."

"हे घर, बाळा."

"हे घर. पण विका."

शार्दूलचं घर चांगलं आहे, सून ऋजुता गुणाची आहे. पण त्या खालच्या खोलीच्या भिंतीपलीकडे एक तरुण राहतो आणि तो ड्रम वाजवतो. आणि आपल्या लोकांना भिंतीवर झाडू आपटायला जमत नाही, आपण नुसते गप्प बसतो. शेवटी ठरलं, तिसरा अर्ज फेटाळला तर देवळं विकायची. गिरीशनेच हो म्हटलं. सुहासिनी काही बोलली नाही, आणि ती बोलली नाही म्हणजे प्रकरण गंभीर, हे मी ओळखलं.

कौन्सिलची बाई जागा बघायला येणार, असं कळलं. ग्वेन प्रिचर्ड नाव, वेल्सकडची, जुन्या इमारतींची राखणदारीणच म्हणा. गिरीशने आदल्या दिवशी मलाही बोलावून घेतलं.

"सुहास, उद्या तू तोंड उघडायचं नाहीस," तो बायकोला म्हणाला. "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. नारळाचं सांगून मोकळी होशील."

"मग काय बोळा कोंबू तोंडात?"

"मौन आहे म्हणून सांगू. धार्मिक. उद्या एकादशी वगैरे आहे का?"

"एकादशीला उपास असतो, मौन नाही. आणि उद्या तृतीया आहे."

"तिला काय कळतंय? आणि तू रे, तू हिच्याशेजारी बस. बोलायला लागली की तोंडात शंकरपाळी घाल."

घर वाचवायचं म्हणून सुहासिनी कबूल झाली. वर तिनेच युक्ती काढली. सकाळी उठून तिने त्या डिंक लावलेल्या पायरीवर रांगोळी घातली. भलं मोठं कमळ, आणि ती राखाडी रेघ बरोबर देठाखाली लपवली.

ग्वेनबाई आल्या. उंच, गालावर उन्हाचे डाग, पायांत चिखलाचे बूट. खांबाला हात लावला तो घोड्याच्या मानेला लावावा तसा. पायरीपाशी येऊन थबकल्या.

"हे किती सुंदर आहे! कोणी काढलं?"

सुहासिनीने छातीवर हात ठेवून मान झुकवली.

"माझ्या पत्नीचं आज मौनव्रत आहे," गिरीश म्हणाला.

"ओह!" ग्वेनबाईंनी एकदम आवाज खाली आणला. त्या कुजबुजायला लागल्या म्हणून गिरीश कुजबुजायला लागला, म्हणून मीही. मोठ्याने बोलता यावं म्हणून घेतलेल्या घरात आम्ही तिघं चोरांसारखे पुटपुटत होतो, आणि घराची मालकीण शंकरपाळी चावत होती.

गिरीशने लॅपटॉप उघडला. पंख्याचा वेग, हवेचा दाब, पाइपचा उतार. ग्वेनबाईंनी बराच वेळ सोसलं. मग म्हणाल्या, "मिस्टर रेगे, ती रंगवलेली खिडकी मी तुम्हाला फोडू देणार नाही. आतल्या संडासाचं म्हणाल, तर खरी गरज असेल तरच विचार करता येईल. मिसेस रेगेंना फार त्रास होतो का?"

"फार," गिरीश म्हणाला. "वाकवतच नाही गुडघा. खाली बसणं तर अशक्य."

ग्वेनबाई सुहासिनीकडे वळल्या. "आणि ती रांगोळी तुम्ही खाली बसून काढलीत?"

स्वतःच्या कलेचं कौतुक होतंय असं वाटून सुहासिनीने जोरजोरात मान हलवली. उकिडवं बसून, हात फिरवून दाखवला सुद्धा! आणि मग तिच्या लक्षात आलं. ती तशीच उकिडवी थिजली.

गिरीश छताकडे बघू लागला. मला इतकं हसू येत होतं की मी तिच्यासाठी आणलेली शंकरपाळी स्वतःच्याच तोंडात कोंबली.

ग्वेनबाईंनी चष्मा काढला, पेन खिशात ठेवलं. "मग मला यात गरज काही दिसत नाही," असं शांतपणे म्हणाल्या आणि उठल्या. दारापर्यंत गेल्यादेखील.

"थांब गं!"

तो डिनर लेडीचा आवाज होता. ग्वेनबाई दारात खिळल्या. बाहेर एक गाडी जात होती, तीही थांबली.

"गुडघा चांगला आहे माझा," सुहासिनी म्हणाली, अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, आणि सगळं मोठ्याने. "गरज मला नाही, यांना आहे. यांना सांगायला लाज वाटते."

"सुहास!"

"आता बोलू द्या. हे बघ, माय लव्ह, सगळ्या गाड्या यांच्यासाठी थांबतात. लोक हसतात. म्हणून यांनी काय केलंय माहितीये? उन्हाळ्यापासून हे पलीकडेच बसतात. त्या बाथरूमशेजारी खुर्ची टाकून, एकटे. चहा घेत नाहीत, पाणी पीत नाहीत. इथे येतात ते जेवायला, आणि घास संपला की पळतात. मी इथे स्वयंपाक करते आणि भिंतींशी बोलते. चाळीस वर्षं हळू बोलले. आता मोठ्याने बोलता येईल असं घर मिळालं, तर ऐकणारा माणूस रस्त्यापलीकडे राहायला गेला. कोणाला मोठ्याने सांगू? त्या खोट्या खिडकीला?"

गिरीशने चष्मा काढून पुसायला घेतला. बराच वेळ पुसत होता. मला तोवर कोणी हे सांगितलं नव्हतं. म्हणजे मंडळातली ती बातमी तशी अगदीच वाया गेली नव्हती म्हणायची.

"आणि दुसरं," सुहासिनी थांबेना, "ही पायरी मी तोडली. नारळाने. यांनी चिकटवली आणि वर मी रांगोळी घातली. आता तुरुंगात घालायचं तर घाल, पण यांना एक संडास दे."

ग्वेनबाई पायरीपाशी गुडघे टेकून बसल्या. कमळाचा देठ फुंकर मारून उडवला. ती राखाडी रेघ दिसली आणि त्यांच्या तोंडून जो विव्हळण्याचा आवाज निघाला तो मी याआधी फक्त दवाखान्यात ऐकला होता.

"हे काय आहे?"

"हाय-स्ट्रेंग्थ ॲडहेसिव्ह," गिरीश अभिमान लपवत म्हणाला. "शंभर वर्षं हलणार नाही."

"हाच तर गुन्हा आहे!" ग्वेनबाई ओरडल्या. कुजबूज संपली होती. "तोडलीत, ते मी समजू शकते. देवासाठी तोडलीत. पण असलं चिकटवलंत? दगडाला श्वास घ्यायचा असतो!"

"मी सांगत होते," सुहासिनी म्हणाली. सांगत नव्हती, मी साक्षीला होतो. पण नवरा-बायकोंच्या साक्षीत मी पडत नाही.

मग ग्वेनबाई परत आत येऊन बसल्या. सुहासिनीने आल्याचा चहा केला. त्या म्हणाल्या, "पहिल्या अर्जात मला पूल दिसला, दुसऱ्यात बोगदा, तिसऱ्यात गुडघा. मिस्टर रेगे कुठेच दिसले नाहीत. कोठीत लहानसा संडास, मागच्या जुन्या मोरीतून पाइप, पुढच्या बाजूला बोटही लावायचं नाही, असं लिहून द्या. पायरी गवंड्याकडून चुन्यात नीट करून घ्यायची, तुमच्या खर्चाने. निर्णय माझ्या एकटीचा नसतो. पण मी काय लिहायचं ते मला आता ठाऊक आहे."

"खिडकी नाही?" गिरीशने चिकाटी सोडली नाही. "आतून अगदी अंधार होईल."

"अहो, दिवा लावा," सुहासिनी म्हणाली. "तिथे काय पुस्तक वाचायचंय?"

वसंतात परवानगी आली. गिरीशने शेवटची ओळ आधी वाचली. शार्दूलला फोन झाला. "मग खालचा रूम काय करू?" त्याने विचारलं. "ड्रम शीक," सुहासिनी म्हणाली.

संडास झाला. बाहेरून काहीच कळत नाही. काळी काच, पांढरे गज, सगळं जसंच्या तसं, आणि त्यामागे गिरीश. मंडळातल्या बायका हळूहळू एकेक करून बघून गेल्या. लोक पाहुण्यांना देवघर दाखवतात, ही बाई संडास दाखवते. अळूवड्यांवाली आली तेव्हा मी तिथेच होतो. तिने दार उघडून, आत डोकावून, चारही कोपरे पाहून घेतले. 'ती' कुठे सापडते का, अजून शोधत असावी.

पलीकडची खुर्ची परत इकडे आली. परवा गेलो तर गिरीश टेबलाशी बसून तिसरा चहा घेत होता आणि चहा गाळायची पद्धत कशी चुकीची आहे हे बायकोला समजावत होता. थोड्या वेळाने तो उठून कोठीत गेला आणि कडी लागली.

सुहासिनी माझ्याकडे वळली. "भाऊजी, काय सांगू तुम्हाला, दिवसभर इथेच असतात हो! डोकं उठवलंय. मीठ किती घालायचं तेसुद्धा सांगतात आता!"

"मला सगळं ऐकू येतंय!" आतून आवाज आला.

"मग? ऐकू यावं म्हणूनच बोलतेय!" सुहासिनी एवढ्या मोठ्याने म्हणाली की फाटकातून जाणाऱ्या गाडीतल्या माणसाने हात हलवला.